लेस्टरशायरमधली कोल्ह्याची शिकार : एक सकाळ, ते कुत्रे आणि नंतरचा कायदा

दूरदेशी (धागाकर्ता)

मध्यंतरी इथे दुसऱ्या एका धाग्यावर इंग्लंडमधल्या कोल्ह्याच्या शिकारीचा विषय निघाला होता. लाल कोट, घोडे आणि लॉर्ड लोकांची मिजास एवढ्यावर तो मिटला. मी १९९० च्या दशकात लेस्टरशायरच्या ग्रामीण भागात डॉक्टरकी करत होतो. तेव्हा ही शिकार कायद्याने चालत होती आणि माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पेशंटांचं पोट तिच्यावर होतं. कोणी नालबंद, कोणी तबेल्यात कामाला, कोणी खोगिरं शिवणारा. म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. कोल्हा मारायच्या मी विरोधात आहे, तेव्हाही होतो. पण कुत्र्यांनी वासावर काढलेला माग ज्याने जवळून पाहिला नाही, त्याला या शिकारीवर येऊ घातलेल्या बंदीविरुद्ध २००२ च्या सप्टेंबरात चार लाखांच्या आसपास माणसं लंडनच्या रस्त्यावर का उतरली ते कळायचं नाही. मला लिहायचंय ते मुख्यतः त्या कुत्र्यांबद्दल.

मेल्टन मोब्रे हे गाव मध्ये धरलं तर क्वॉर्न, बीव्हर आणि कॉट्समोर या तीन नावाजलेल्या पॅकांचे, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या ताफ्यांचे, मुलूख तिथे येऊन भिडतात. सगळी गवताळ रानं आणि मध्ये काटेरी कुंपणं. अठराव्या शतकाच्या मध्यावर ह्यूगो मेनेल नावाच्या जमीनदाराने क्वॉर्नची सूत्रं हातात घेतली. त्याआधी ही शिकार भल्या पहाटे चालायची, कारण रात्रभर खाऊन पोट जड झालेला कोल्हाच त्या संथ कुत्र्यांच्या आवाक्यात यायचा. मेनेलने वेगवान आणि तरीही नाकाचे पक्के कुत्रे पैदा केले. मग नाश्तापाणी उरकून निघालं तरी चालायला लागलं, आणि घोडा दौडवायची हौस असलेली श्रीमंत मंडळी तिकडे लोटली.

आता ती सकाळ. नोव्हेंबर महिना, रात्री पाऊस पडून गेलेला, वारा नाही, आभाळ खाली आलेलं. माझा एक पेशंट, वयस्कर शेतकरी, मला घेऊन गेला होता. गाडीतून उतरताच त्याने वाकून तळवा जमिनीला लावला आणि म्हणाला, आज वास धरेल. जमीन हवेपेक्षा उबदार असली की वास गवतालगत टिकतो. कोरडा वारा सुटला, लख्ख ऊन पडलं किंवा गोठलेलं दव वितळायला लागलं की तो जातो. हे सगळे ठोकताळेच. उभा जन्म यात घालवलेला माणूसही छातीठोक सांगत नाही.

पबसमोरच्या मोकळ्या जागेत पावणेअकराला सगळे जमले. घोडेवाल्यांच्या हातात पोर्ट वाइनचे छोटे पेले, पोरंटोरं, म्हाताऱ्या बायका, काठ्या टेकत आलेले शेतकरी. त्यांच्या मधोमध हंट्समन, म्हणजे कुत्रे चालवणारा, आणि त्याच्या घोड्याच्या पायांशी फॉक्सहाउंड, म्हणजे ते शिकारी कुत्रे. हंट्समन हा पगारी नोकर असतो, लॉर्ड नव्हे. त्या दिवशी त्याच्याकडे साडेसतरा जोड्या होत्या. हाउंड नेहमी जोडीने मोजतात, म्हणजे पस्तीस कुत्रे. एकालाही पट्टा नाही, साखळी नाही. त्याने नुसतं नाव घेतलं की त्या घोळक्यातून तेवढंच एक डोकं वर यायचं. प्रत्येकाचा आवाज तो न बघता ओळखायचा.

तिथून पाऊण मैलावर काटेरी झुडपांची दाट जाळी होती. असल्या जाळ्या कोल्ह्यांना आसरा मिळावा म्हणून मुद्दाम लावलेल्या असतात. हंट्समनने कुत्रे आत घातले. त्याचा मदतनीस, ज्याला व्हिप म्हणतात, तो पलीकडच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. घोडेस्वार सगळे अलीकडे, चिडीचूप. आत फक्त पाचोळा वाजत होता आणि हंट्समनचं हळू आवाजातलं चुचकारणं ऐकू येत होतं. बराच वेळ काही नाही. मग एका कुत्रीने बारीक आवाज काढला, शंकेचा. शेतकऱ्याने माझा दंड धरला. तिने पुन्हा आवाज दिला, आता खात्रीचा, आणि दुसऱ्या दोघी-तिघी तिच्याकडे धावल्या. बघता बघता सगळी जाळी त्या आवाजाने भरून गेली. हे भुंकणं नसतं. त्यात वरचे-खालचे सूर असतात आणि ते एकमेकांत मिसळत जातात. पलीकडे व्हिपने टोपी काढून हात लांब केला. कोल्हा त्या दिशेने निघाला होता. शिंगाचे तुटक, भराभर स्वर आले आणि सगळे घोडे एकदम सुटले.

आम्ही दोघं टेकाडावर होतो, म्हणून पुढचं सगळं दिसलं. घोडेस्वारांना यातलं फारसं दिसत नाही. त्यांचं निम्मं लक्ष पुढच्या कुंपणावर असतं.

दोन शेतं पलीकडे मेंढ्यांचा कळप होता. कोल्हा त्यातून गेला, मेंढ्या त्याच्या वाटेवरून पळाल्या आणि वास बुजला. कुत्रे गप्प झाले, डोकी वर आली. मला वाटलं आता हंट्समन धावत जाऊन त्यांना हाकेल. तो जागेवरून हलला नाही. शेतकरी म्हणाला, चांगला हंट्समन यावरूनच ओळखायचा. कुत्र्यांना आधी त्यांचं त्यांना शोधू द्यायचं. ते आपणहून पंख्यासारखे पसरले, नाकं जमिनीला. कोणी मेंढ्यांकडे मान वळवूनही बघितलं नाही. एक तरुण कुत्रा उगाच ओरडला, तर बाकीच्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. वास नसताना तोंड उघडणारा कुत्रा सगळ्यांना ठाऊक असतो. मग एक जुनी कुत्री कुंपणाच्या कडेने चालत गेली, पांढुरक्या थोबाडाची. फाटकाच्या खांबाशी थांबली, शेपटी हलायला लागली, नाक दोनदा मागेपुढे केलं आणि तिने एकदाच आवाज दिला. पस्तीसच्या पस्तीस कुत्रे, शेतभर विखुरलेले, जिथे होते तिथून तिच्याकडे धावले. तिचं बोलणं खरं असतं एवढं त्यांना माहीत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

तो कोल्हा निसटला. रेल्वेच्या बांधाशी वास संपला तो संपलाच. दुपारी दुसरा सापडला, तो मारला गेला. शेवट मी एका कुंपणाआडून पाहिला. काही सेकंदांत संपलं. पण त्याआधी तो अर्धा तास पळत होता. ओल्या मातीने जड झालेली शेपटी, वाकलेली पाठ, उघडं तोंड. पाच-सहा किलोचा प्राणी. ते सेकंद मोजायचे तर तो अर्धा तासही मोजायला हवा.

माळावरचा

दूरदेशी साहेब, फार सुंदर लिहिलंत. मेंढ्यांच्या शेतातली ती जुनी कुत्री डोळ्यांपुढे उभी राहिली.

आमच्याकडे लातूर भागात कारवानी कुत्री असतात, जानवळचं नाव त्यासाठी सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या कुत्र्याचं काम अगदी उलटं. तो नजरेवर पळतो. ससा उठला, दिसला की सुटला. आड गेला की थांबतो आणि मान उंच करून बघतो. आवाज नाही, काही नाही. आजोबा सांगायचे की चांगल्या कारवानीची छाती खोल आणि पोट पाठीला लागलेलं हवं, आणि माळावर पळताना त्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवर नसतात. दोन-तीन कुत्र्यांपेक्षा जास्त कधी सोडत नसत. पस्तीस कुत्र्यांनी एकाचं ऐकायचं हे आमच्या माळावर कोणाला पटणार नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशाची शिकारही गुन्हाच आहे. आमच्या घरी आता दोन कुत्री आहेत ती राखणीला. सकाळी माळावर मोकळी सोडतो, नुसती पळतात. मुधोळच्या घोरपडे राजेसाहेबांनी ही जात टिकवली आणि विलायतेच्या राजाला भेट दिली, हे आमच्याकडे घरोघरी सांगतात. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं, ते वडिलांनी फ्रेम करून लावलंय.

सुगरण_पक्षी

लेख वाचला. लिखाण चांगलं आहे, म्हणूनच त्रास झाला. कुत्र्यांच्या नाकाचं कौतुक करता करता पाच-सहा किलोचा जीव पस्तीस कुत्र्यांपुढे पळतोय हे शेवटच्या परिच्छेदात येतं. माझ्या मते ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं होतं.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. शिकारीच्या आदल्या रात्री कोल्हे खायला बाहेर पडले की त्यांच्या बिळांची तोंडं बुजवून ठेवायचे, म्हणजे सकाळी परत आलेल्या कोल्ह्याला घरात शिरता येऊ नये. त्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असायचा. तरीही कोल्हा कुठल्या बिळात घुसलाच तर टेरियर जातीची छोटी कुत्री आत सोडायचे आणि खणून काढायचे. यात कुठला खेळ आणि कुठली बरोबरी?

शिवाय शिकारी म्हणतात की कोल्हे मारले नाहीत तर शेतकऱ्याच्या कोंबड्या-कोकरं राहणार नाहीत. याबद्दल तुम्हाला काय वाटतं?

दूरदेशी

सुगरण_पक्षी, बिळांचं तुम्ही लिहिलंत ते शब्दशः खरं आहे. टेरियरवाल्यांचं काम मी पाहिलेलं आहे आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही.

कोंबड्या-कोकरांबद्दल. २००० साली लॉर्ड बर्न्स यांच्या समितीचा अहवाल आला. त्यात इंग्लंड-वेल्समधले नोंदलेले पॅक वर्षाला २१,००० ते २५,००० कोल्हे मारतात असा अंदाज होता. याहून कितीतरी जास्त कोल्हे गोळीने आणि रस्त्यावर गाड्यांखाली मरतात. या शिकारीने कोल्ह्याच्या हिताला गंभीर बाधा पोचते, असं त्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, इंग्लंडात गुराढोरांना लाळ्या-खुरकत लागला आणि शिकार कित्येक महिने बंद ठेवावी लागली. संशोधकांनी त्या काळाच्या आधीची आणि नंतरची कोल्ह्यांची विष्ठा मोजून तुलना केली. कोल्हे वाढले नव्हते. तेव्हा शेतकऱ्याच्या फायद्यासाठी शिकार, हे कारण मला पटत नाही. एखाद्या डोंगराळ भागात कोकरांचं नुकसान होत असेल, तिथला शेतकरी बंदूक वापरतो.

त्याच अहवालात सहा ते आठ हजार पूर्णवेळ नोकऱ्या या शिकारीवर अवलंबून असल्याचंही होतं. माझ्या पेशंटांची भीती तीच होती. कोल्ह्याबद्दल त्यांच्या मनात द्वेष नव्हता, उलट त्याच्या हुशारीच्या गोष्टी ते जेवताना सांगायचे. आपल्या पोटाचं काय, ही धास्ती होती.

रिमझिम

काका, एक बाळबोध प्रश्न. माणसं किती पडायची? :)

दूरदेशी

पुष्कळ. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. त्या काळात माझ्याकडे गळपट्टीचं हाड मोडलेले पेशंट ओळीने यायचे. पडताना माणूस खांद्यावर आदळतो आणि सगळा धक्का त्या हाडावर येतो. एक बाई, सत्तरीच्या, हात झोळीत घालून दवाखान्यात आल्या त्या एकच विचारत, घोड्यावर कधी बसता येईल. पाठीच्या कण्याची एक-दोन प्रकरणंही पाहिली. त्यांच्याबद्दल लिहवत नाही.

निलगिरीची_मुलगी

या विषयाचा आपल्या देशाशीही संबंध आहे म्हणून लिहिते. बाबा सैन्यात होते आणि निलगिरीतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला त्यांची नेमणूक होती. तिथे 'ऊटी हंट' हे नाव सगळ्यांच्या तोंडी असायचं. १८४० च्या दशकापासूनची ती परंपरा. इंग्रज अधिकाऱ्यांनी विलायतेहून बोटीने फॉक्सहाउंड आणले. तिथे विलायतेतला तांबडा कोल्हा (फॉक्स) नाही, म्हणून आपल्या सोनेरी कोल्ह्यामागे (जॅकल) सोडले. उटीजवळच्या वेनलॉक डाउन्सच्या गवताळ टेकड्या त्यांना थेट इंग्लंडसारख्या वाटल्या. फक्त कुंपणांच्या जागी शोलाची दाट झाडी आणि पायाखाली दलदल. सोनेरी कोल्हा शोलात शिरला की संपलं.

असे पॅक इंग्रजांच्या छावण्यांमधून बऱ्याच ठिकाणी होते. पेशावरचा फार गाजलेला. आपल्या पुण्यातही 'पूना अँड किर्की हाउंड्स' होते. खडकीचा तेव्हाचा माळ आज कोणाला दाखवला तर विश्वास बसणार नाही. मैदानी भागात कुत्र्यांना उन्हाळा सोसायचा नाही, पिसाळण्याची भीती वेगळीच. दर काही वर्षांनी नवे कुत्रे मागवावे लागत.

उटीत पुढे जिवंत कोल्ह्याची शिकार थांबली आणि आधी ओढून ठेवलेल्या वासावर कुत्रे चालवायला लागले. मी लहान असताना बाबांच्या पुढ्यात बसून ती दौड पाहिली आहे. पळायला कोल्हा नाही याची उणीव कुत्र्यांना जाणवत नव्हती. घोड्यांनाही नाही.

माळावरचा

पुण्यात हाउंडचा पॅक! हे ठाऊकच नव्हतं. धन्यवाद ताई.

सेव्हर्नकाठी

मी सध्या पश्चिम इंग्लंडात राहते, खेड्यात. निलगिरीची_मुलगी यांनी जे लिहिलंय ते ऐकायला छान वाटतं, पण इथे नेमकं त्याच नावाखाली काय चाललंय तेही लोकांना कळायला हवं.

१८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी कोल्हा मारणं गुन्हा आहे. स्कॉटलंडने त्याआधीच, २००२ मध्ये, पहिला कायदा केला होता आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक केला. उत्तर आयर्लंडमध्ये अजून बंदी नाही. बंदीनंतर पॅक बंद पडले का? नाही. त्यांनी 'ट्रेल हंटिंग' सुरू केलं. कोणीतरी आधी कोल्ह्याच्या वासाचं फडकं ओढत जायचं आणि कुत्र्यांनी त्या वासावर जायचं. आता कोल्ह्याच्याच वासावर शिकवलेले कुत्रे, कोल्ह्याच्याच जाळीतून नेले, तर खरा कोल्हा उठल्यावर ते काय करतील? आणि तो मारला गेला की "अपघात झाला" म्हणायची सोय. कायद्यात तर शिकारी पक्ष्यासाठी दोनापेक्षा जास्त कुत्र्यांनी सावज उठवायला मुभा होती, म्हणून काही पॅकांनी गरुडसुद्धा बरोबर ठेवला!

२०२१ मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेच्या सभासदांनी आपल्या जमिनीवर ट्रेल हंटिंग नको असं मत दिलं आणि ट्रस्टने परवाने थांबवले. लेबर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात ट्रेल हंटिंगवर बंदीचं आश्वासन दिलं. माझ्या गल्लीत याच विषयावरून दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. एक मुलगी तोंडावर फडकं बांधून शिकार उधळायला जाते, तिचा काका त्याच पॅकबरोबर घोड्यावर असतो. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी चौकात पॅक जमतो तेव्हा एका फुटपाथवर टाळ्या आणि समोरच्या फुटपाथवर घोषणा.

मी घोषणांच्या बाजूला उभी असते.

दूरदेशी

सेव्हर्नकाठी, तुमचा मुद्दा मान्य. वास कोल्ह्याचाच वापरायचा, कुठून ओढलाय ते हंट्समनला सांगायचं नाही आणि कोल्ह्यांच्या वस्तीतून न्यायचा, यात हेतू उघड दिसतो. ट्रेल हंटिंग बंद व्हावं याच मताचा मी आहे.

पण एक वेगळा प्रकार आहे तो यात भरडला जाऊ नये असं मनापासून वाटतं. ब्लडहाउंड कुत्र्यांचे काही पॅक पळणाऱ्या माणसाचा माग काढतात. फडकं नाही, रसायन नाही, फक्त त्या माणसाच्या अंगाचा वास. त्याला 'क्लीन बूट' म्हणतात. धावणारा आधी निघतो, नाले ओलांडतो, परत फिरतो, मेंढ्यांतून जातो. मागून कुत्रे ते कोडं उलगडत येतात. शेवटी ते त्याला गाठतात आणि चाटून चाटून बेजार करतात. माणसाच्या वासावर वाढलेला कुत्रा कोल्ह्याकडे सहसा वळत नाही. मी मेंढ्यांच्या शेतात जे पाहिलं, ती जुनी कुत्री, तो थांबलेला हंट्समन, ते सगळं त्यात जसंच्या तसं आहे. त्यासाठी कोल्हा लागत नाही.

सुगरण_पक्षी

हे मला माहीत नव्हतं. असं असेल तर माझा विरोध नाही. पण मग त्या हजारो फॉक्सहाउंडांचं काय? बंदी आली की त्यांना गोळ्या घालतील असं शिकारी म्हणतात.

दूरदेशी

बंदी नव्हती तेव्हाही फॉक्सहाउंडला म्हातारपण नव्हतंच. सहा-सात वर्षांचा झाला, पॅकच्या वेगाला पुरेना की त्याला कुत्रेखान्यातच गोळी घालायचे. तो घरात राहायला शिकलेला नसतो म्हणायचे. हेही पटण्यासारखं नाही, कारण प्रत्येक हाउंडचं पिलूपण शेतकऱ्यांच्या घरीच जातं. आठ-दहा आठवड्यांचं झालं की जोडीने एखाद्या शेतावर ठेवतात. तिथे ते स्वयंपाकघरात झोपतं, चपला कुरतडतं, कोंबड्यांना न छळायला शिकतं, आपलं नाव ओळखायला लागतं आणि मग पॅकमध्ये परत जातं. उन्हाळ्यात या पिलांचं कौतुकाचं प्रदर्शन भरतं. तिथे मी शेतकऱ्यांच्या बायकांना वर्षभर वाढवलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पडून रडताना पाहिलंय. म्हणजे घर त्यांना परकं नसतं. निवृत्त हाउंड घरी नेणारी माणसं मिळू शकतात, पॅकने त्याची तयारी ठेवायला हवी. आधीपासूनच ठेवायला हवी होती.

माळावरचा

सहा-सात वर्षांच्या कुत्र्याला गोळी? आमचा मोती अकरा वर्षांचा आहे, दात नाहीत, भाकरी दुधात कुस्करून देतो. हे वाचून जेवण गेलं नाही.

रिमझिम

मी सप्टेंबरपासून नॉटिंगहॅमला शिकायला आहे. ते माणसाचा माग काढणारे कुत्रे बघायला काय करावं लागेल? घोडा येत नाही मला.

दूरदेशी

रिमझिम, घोडा लागत नाही. जवळच्या ब्लडहाउंड पॅकच्या सेक्रेटरीला मेल करून पायी बघायला येऊ का असं विचार, बहुतेक हो म्हणतात. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घे, चिखल भयंकर असतो. गाडी शेताच्या तोंडाशी लावायची नाही. फाटक उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद, जसं असेल तसंच ठेवायचं. कुत्रे माग शोधत थांबले असतील तेव्हा त्यांच्या पुढे जायचं नाही आणि बोलायचंही नाही, आपल्या पावलांनी त्यांचा वास मोडतो. आणि जमलं तर धावणाऱ्या माणसाच्या शेवटच्या ठिकाणी आधीच जाऊन उभी राहा.

सेव्हर्नकाठी

रिमझिम, माझ्याकडे एक जादा बुटांची जोडी आहे, पाच नंबर. व्यक्तिगत निरोप पाठव.